'अस्वल' आणि 'हंसगीत': चेकॉव्हच्या दोन एकांकिका एकाच रात्री कशा बसवाव्यात

दोन एकांकिकांचा एकत्र प्रयोग करायचा म्हटलं की बहुतेक संस्था दोन दिग्दर्शक, दोन संच, दोन नेपथ्यं असा हिशेब मांडतात आणि मध्ये पंधरा मिनिटांचं मध्यंतर टाकतात. प्रेक्षक मग स्पर्धेला आल्यासारखा बसतो. एक संपली, दुसरी सुरू झाली, दोहोंत बरी कुठली याचा निकाल लावत घरी जातो. माझं म्हणणं असं की दोन एकांकिका एका तिकिटावर दाखवायच्या, तर त्या रात्रीचं मिळून एकच नाटक झालं पाहिजे. आपल्या प्रेक्षकाला दोन अंक आणि मध्ये चहा-वडा ही सवय आहेच. पहिली एकांकिका हा पहिला अंक, दुसरी हा दुसरा, असं तो मनात आपोआप धरतो. त्या दोन अंकांमधून धागा ओवणं हे आपलं काम.

रशियन नाटककार चेकॉव्हच्या 'अस्वल' आणि 'हंसगीत' या दोन एकांकिकांचा असा प्रयोग आम्ही दोनदा उभा केला, दोन वेगळ्या गावांत. पहिल्या वेळी क्रम चुकला, दुसऱ्या वेळी जमला. त्या दोन अनुभवांतून जे हाती लागलं ते इथे कामाच्या क्रमाने सांगतो.

जोडी आणि क्रम

चेकॉव्हच्या एकांकिका म्हटलं की 'अस्वल' आणि 'मागणी' ही जोडी पटकन तोंडी येते. दोन्ही विनोदी, पात्रं मोजकी, खर्च कमी. पण दोन्हींची चाल एकच आहे: माणसं कडाकडा भांडतात आणि भांडता भांडता लग्नापाशी येऊन ठेपतात. पहिली पाहिल्यावर दुसरीचा शेवट प्रेक्षकाला पाचव्या मिनिटाला कळतो, आणि नटांच्या हाती आवाज चढवण्याशिवाय काही राहत नाही. म्हणून मी 'अस्वल'शेजारी 'हंसगीत' ठेवतो.

'अस्वल'चा पहिला प्रयोग मॉस्कोच्या कोर्श थिएटरात २८ ऑक्टोबर १८८८ रोजी झाला. गालावर खळ्या असलेली तरुण विधवा पोपोवा सात महिने घराबाहेर पडलेली नाही, नवऱ्याच्या फोटोवरची नजर हलवत नाही. तिच्या नवऱ्याने घोड्यांसाठी ओट्स उधारीवर घेतले होते. त्याचे १२०० रूबल वसूल करायला स्मिर्नोव हा जमीनदार येऊन थडकतो. त्याला उद्या बँकेचं व्याज भरायचं आहे. ती म्हणते, परवा कारभारी आला की देईन. तो जागचा हलत नाही. शब्दाने शब्द वाढतो, प्रकरण पिस्तुलांच्या द्वंद्वापर्यंत जातं, आणि पिस्तूल कसं धरायचं हे तिला शिकवता शिकवता हा गडी प्रेमात पडतो.

'हंसगीत' त्याच कोर्श थिएटरात, त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला रंगमंचावर आलं होतं. आपल्याच 'कल्खास' नावाच्या कथेवरून चेकॉव्हने ते लिहिलं. ६८ वर्षांचा विनोदी नट स्वेतलोविदोव आपल्या सन्मानाच्या प्रयोगानंतर दारूच्या गुंगीत मेकअप रूममध्येच झोपून जातो. मध्यरात्री जाग येते तेव्हा थिएटर रिकामं, काळोख, सगळे घरी गेलेले. हातात मेणबत्ती घेऊन तो रंगमंचावर येतो. पंचेचाळीस वर्षं ज्या रंगमंचावर काढली, तो रात्रीचा असा रिकामा तो पहिल्यांदाच बघतो आहे. मग म्हातारा प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून नटांना संवाद पुरवणारा, निकिता भुतासारखा समोर येतो. त्याला घर नाही, तो चोरून थिएटरातच झोपतो. पुढचा अर्धा तास या दोघांचा.

पहिल्या वेळी आम्ही 'हंसगीत' आधी आणि 'अस्वल' नंतर ठेवलं होतं. प्रेक्षकाला हसवून घरी पाठवावं, हा आपल्याकडचा जुना समज. प्रेक्षक हसत गेले खरे, पण बाहेर पडताना म्हाताऱ्या नटाबद्दल एक शब्द कुणी बोललं नाही. नंतर संहिता पुन्हा वाचली तेव्हा कारण दिसलं. 'हंसगीत' घडतं ते प्रयोग संपल्यानंतरच्या रंगमंचावर. प्रयोग झालाच नसेल, तर रिकामा रंगमंच नुसता अंधारा रंगमंच दिसतो. 'अस्वल' आधी झालं, लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि मग त्याच फळ्यांवर हा म्हातारा मेणबत्ती घेऊन आला, की प्रेक्षकाला कळतं: मघाशी टाळ्या वाजवल्या त्या मीच. प्रेक्षागृहाकडे बघत स्वेतलोविदोव म्हणतो, हा काळा अथांग खड्डा, जणू थडगंच. त्या खड्ड्यात आपण बसलेले असतो. ही जोडी मला एवढ्यासाठीच प्रिय आहे.

तेव्हा क्रम पक्का: 'अस्वल', मध्यंतर, 'हंसगीत'. मराठीत 'अस्वल' सुमारे चाळीस मिनिटं चालतं, 'हंसगीत' पंचवीस ते तीस. मध्यंतर धरून दीड तासाच्या आत पडदा पडतो. कुणी तिसरी एकांकिका जोडायला सुचवलं तर ठाम नाही म्हणा.

हक्क, परवानगी, संहिता

चेकॉव्ह १९०४ साली गेला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे मूळ एकांकिका आता सर्वांच्या आहेत. मात्र अनुवादाचा हक्क वेगळा असतो. मराठी अनुवाद छापील मिळाला, तरी अनुवादकाची किंवा त्यांच्या वारसांची लेखी परवानगी घ्या आणि दर प्रयोगाचं मानधन आधी ठरवा. 'नंतर बघू' म्हटलेल्या गोष्टी प्रयोगाच्या आठवड्यात डोकं वर काढतात.

स्वतः अनुवाद करायचा असेल आणि रशियन येत नसेल, तर इंग्रजीवरून करता येतो, पण तो इंग्रजी अनुवादही हक्कमुक्त हवा. मॅरियन फेल यांचं १९१२ सालचं 'हंसगीत' आणि ज्युलियस वेस्ट यांचं 'अस्वल' या दोन्ही अनुवादांवरचे हक्क आपल्याकडे संपलेले आहेत. दोन्हींचं इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, तेव्हा वाक्यामागून वाक्य उतरवू नका. प्रसंग वाचा, पुस्तक मिटा, त्या माणसाने मराठीत काय म्हटलं असतं ते मोठ्याने बोला आणि मग लिहा.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. प्रयोग एक असला तरी संहिता दोन आहेत, तेव्हा दोन्ही वेगवेगळ्या सादर करा. तालमी सुरू होण्याआधी, निदान महिना-दीड महिना राखून पाठवा. नाट्यगृहाची तारीख घेताना एका सत्रात सेट लावायला नेमके किती तास मिळतात हे व्यवस्थापकांना विचारून लिहून ठेवा. या जोडीत सगळं त्यावर अवलंबून आहे.

अनुवादातल्या तीन गाठी

पहिली गाठ, रूपांतर करायचं की नाही. मी करत नाही. पिस्तुलांचं द्वंद्व, ओट्सची उधारी, रूबल हे सगळं कोकणातल्या किंवा देशावरच्या वाड्यात आणलं की प्रत्येक वाक्यागणिक खुलासा द्यावा लागतो. नावं रशियनच ठेवा, पण छाटा. 'ग्रिगोरी स्तेपानोविच स्मिर्नोव' एकदाच, ओळख करून देताना. पुढे नुसता स्मिर्नोव.

दुसरी गाठ संबोधनांची, आणि इथे मराठी आपल्याला रशियनपेक्षा जास्त देते. पोपोवाचा म्हातारा नोकर लुका तिला 'बाईसाहेब' म्हणेल, पण तिच्या लहानपणापासून घरात असल्यासारखा थोडा अधिकारही गाजवेल. स्मिर्नोव 'बाई, आपण' पासून सुरू करतो. भांडण चढत जाईल तसं 'आपण'चं 'तुम्ही' होऊ द्या. 'अगं-तुगं'वर मात्र शेवटपर्यंत येऊ देऊ नका. दोघंही पिस्तूल हातात घेऊनसुद्धा 'अहो-जाहो' करत राहतात, यातला विनोद फार नाजूक आहे. 'हंसगीत'मध्ये उलट: निकिता 'वासिल वासिलिच, अहो घरी चला' म्हणतो आणि स्वेतलोविदोव त्याला 'अरे निकिता, बाळा' म्हणतो. दोघंही म्हातारे, तरी नट वर आणि प्रॉम्प्टर खाली. ही उतरंड शेवटी हलते ती फक्त हाताच्या स्पर्शात. शब्द तेच राहतात.

तिसरी गाठ सर्वांत मोठी. स्वेतलोविदोव आपल्या जुन्या भूमिकांतली भाषणं म्हणतो: पुश्किनचं 'बोरिस गदुनोव', वादळातला लिअर, बासरीच्या प्रसंगातला हॅम्लेट, पुश्किनच्याच 'पोल्तावा' या काव्यातली शांत युक्रेनी रात्र, ऑथेल्लोचा निरोप, आणि अगदी शेवटी ग्रिबोयेदोवच्या नाटकातली 'गाडी आणा, गाडी!' ही हाक. ही भाषणं कुठल्या मराठीत असावीत?

मला इथे आपल्या रंगभूमीचा इतिहास मदतीला आला. आगरकरांचं 'विकारविलसित' हे हॅम्लेटचं भाषांतर १८८३ सालचं. देवलांचा 'झुंझारराव' हा ऑथेल्लो १८९० चा. म्हणजे कोर्श थिएटरात या एकांकिका झाल्या त्याच दशकात मराठी नट शेक्सपिअर मराठीतून गाजवत होते. गणपतराव जोशींनी 'विकारविलसित'मधल्या चंद्रसेनाच्या, म्हणजे हॅम्लेटच्या, भूमिकेने पिढ्या भारावून टाकल्या. म्हाताऱ्या नटाची रंगमंचावरची भाषा त्याच्या बोलीपेक्षा जुनी, जड, लयदार असायला हवी, आणि ती आपल्याकडे तयार आहे. आगरकर १८९५ साली गेले, देवल १९१६ साली, त्यामुळे हक्काचा प्रश्नही नाही. हॅम्लेटच्या आणि ऑथेल्लोच्या त्या जागा या दोन पुस्तकांतून शोधा, सात-आठ ओळींवर आणा आणि पात्रांची नावं वगळा, म्हणजे रशियन म्हाताऱ्याच्या तोंडी 'चंद्रसेन' ऐकून प्रेक्षक गोंधळणार नाही. लिअरसाठी विंदा करंदीकरांचं 'राजा लिअर' आहे. ते घ्यायचं तर परवानगी लागेल.

गदुनोवचं भाषण आपल्या प्रेक्षकाला कुठेच चिकटत नाही, ते मी कापतो. युक्रेनी रात्रीच्या ओळी मात्र ठेवतो, कारण लिअरच्या वादळानंतर तेवढाच श्वास मिळतो. आणि शेवटची 'गाडी आणा' ही हाक कुठल्या नाटकातली हे प्रेक्षकाला माहीत नसलं तरी बिघडत नाही. ज्याला घरी नेणारे नोकर आधीच निघून गेलेत, तो माणूस गाडी मागतो आहे. एवढं पुरेसं आहे.

पात्रनिवड

पाच पात्रं: पोपोवा, स्मिर्नोव, लुका, स्वेतलोविदोव, निकिता. 'अस्वल'च्या शेवटी कुऱ्हाड, पंजा, दाताळं घेऊन येणारे मजूर बॅकस्टेजच्या मुलांतून काढा.

चार नटांत भागवायचं असेल तर लुका आणि निकिता एकाच नटाला द्या. नट वाचतो म्हणून मी हे सांगत नाही. दोघंही म्हातारे, दोघंही मोठ्या माणसांच्या भावनांचे साक्षीदार, दोघांनाही स्वतःचं असं काही नाही. पहिल्या भागात स्मिर्नोवच्या आरड्याओरड्याने छातीवर हात ठेवून कोसळणारा लुका दुसऱ्या भागात पांढरा झगा घालून मेणबत्तीच्या उजेडात आला, की प्रेक्षक त्याला ओळखतो आणि त्या ओळखीचं पुढे काहीतरी होतं.

स्मिर्नोव आणि स्वेतलोविदोव मात्र एकाला देऊ नका. तरुण नटाने पांढरे केस लावून ६८ वर्षांचा थकवा दाखवला की तो बहुधा नकलेत अडकतो. संस्थेतले जुने, काम थांबवलेले नट असतात. त्यांच्या घरी जा, संहिता वाचून दाखवा. पाठांतराची भीती त्यांना वाटते, तिचा उपाय पुढे सांगतो.

आणखी एक इशारा. मराठी प्रेक्षकाला म्हातारा नट आणि लिअर म्हटलं की १९७० सालच्या 'नटसम्राट'मधले आप्पासाहेब बेलवलकर आणि डॉ. श्रीराम लागू आठवणारच. नटालाही आठवतात, आणि आवाजात तो खर्ज आपोआप उतरतो. पहिल्याच वाचनाला दोघांतला फरक बोलून घ्या. बेलवलकर सम्राट होते, त्यांना घर होतं, मुलं होती, घरातून बाहेर पडणं ही त्यांची शोकांतिका. स्वेतलोविदोव लोकांना हसवणारा विदूषक आहे. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मुलीने रंगभूमी सोड म्हटलं, आणि त्या दिवशी त्याला कळलं की टाळ्या वाजवणारा माणूस आपल्याला सोयरीक करायच्या लायकीचा समजत नाही. त्याच्या लिअरमध्ये राजा कमी आणि 'हेही मला जमलं असतं' ही तळमळ जास्त हवी.

तालमी

मी सात आठवडे धरतो, आठवड्याला पाच तालमी. पहिला आठवडा नुसतं वाचन, दोन्ही संहितांचं, सगळ्यांसमोर. पोपोवा करणाऱ्या मुलीनेही 'हंसगीत' ऐकलं पाहिजे आणि स्वेतलोविदोवने 'अस्वल'. पुढचे तीन आठवडे वेगवेगळ्या तालमी. पाचव्या आठवड्यापासून रोज दोन्ही सलग, मध्यंतरासह.

'अस्वल'मध्ये सगळा धोका स्मिर्नोवच्या रागाचा. स्पर्धेच्या तालमीत घडलेले नट पहिल्या वाक्यापासून वरच्या पट्टीत जातात आणि दहाव्या मिनिटाला त्यांच्याकडे काही शिल्लक राहत नाही. चेकॉव्हने रागाच्या पायऱ्या बांधून दिल्या आहेत, त्या कागदावर काढा. आधी तो व्यवहाराचं बोलतो. मग स्वतःशी चरफडतो. मग लुकाकडे पाणी किंवा क्वास हे आंबवलेलं पेय मागतो, पुढे व्होडका. मध्येच आपल्या अवताराकडे बघून वरमतो: बुटांना चिखल, केस विस्कटलेले, जाकिटावर गवताच्या काड्या. मग बायकांवरचं लांबलचक भाषण. तीनदा द्वंद्व खेळलो, बारा जणींना मी सोडलं, नऊ जणींनी मला. हे आकडे तो वकिलाने पुरावा मांडावा तसे मांडतो. आरडाओरडा त्यानंतरचा. आणि प्रत्येक पायरीच्या मुळाशी उद्याचं व्याज आहे. ते व्याज नटाच्या पोटात नसेल, तर उरतो तो नुसता कर्कश माणूस.

पोपोवाची गोष्ट उलट. ती शांत राहायची शिकस्त करते, म्हणून मजा येते. स्मिर्नोव तिला टोमणा मारतो की स्वतःला जिवंत पुरून घेतलंत, पण पावडर लावायला विसरला नाहीत. ही एक ओळ तिच्या भूमिकेची किल्ली आहे. पहिल्या दृश्यात फोटोसमोर उसासा टाकताना तिला आरशाची एक नजर द्या.

'हंसगीत'च्या तालमी पहिल्या आठवड्यानंतर शक्यतो अंधाऱ्या खोलीत करा. आम्ही शाळेच्या वर्गात, दिवे घालवून, एका टॉर्चवर केल्या. नटाचा आवाज आपोआप बदलतो.

जुन्या नटाच्या पाठांतराचा उपाय संहितेतच आहे. निकिता प्रॉम्प्टर आहे! त्याच्या हातात पुस्तक असू शकतं. लिअरच्या प्रसंगात तो विदूषकाचे संवाद म्हणतोच, हॅम्लेटमध्येही साथ देतो. तेव्हा निकिता करणाऱ्या नटाला दोघांचे संवाद पाठ हवेत, आणि स्वेतलोविदोव अडला तर त्याने भूमिकेतच राहून, हलक्या आवाजात शब्द पुरवावा. आमच्या दुसऱ्या वेळच्या एका प्रयोगात हे घडलं, ऑथेल्लोच्या भाषणात. प्रेक्षागृहात जी शांतता पडली ती मला अजून आठवते. पुढच्या प्रयोगापासून ती अडखळण आम्ही मुद्दाम ठेवली.

नेपथ्य आणि मध्यंतर

या रात्रीचा सांधा म्हणजे मध्यंतर. पोपोवाच्या दिवाणखान्यासाठी चार बाय आठ फुटांचे सहा फ्लॅट पुरतात, लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून रंगवलेले. एकात दार, एकात खिडकी. हे फ्लॅट एकमेकांना खिळ्यांनी न ठोकता पिन काढता येणाऱ्या बिजागऱ्यांनी जोडा. मध्यंतर झालं की पिना काढायच्या, ब्रेस (फ्लॅटना मागून धरणारे टेकू) सोडायचे, फ्लॅट जागच्या जागी फिरवायचे आणि पुन्हा टेकवायचे. आता प्रेक्षकाला फ्लॅटची पाठ दिसते: उघडी चौकट, कोपऱ्यातल्या पट्ट्या, मांजरपाटातून झिरपलेले रंगाचे डाग, खडूने लिहिलेले क्रमांक. दिवाणखाना गेला, रंगमंचाची मागची बाजू आली, आणि नवीन सामान एकही आणलं नाही.

'हंसगीत'च्या रंगसूचनेत चेकॉव्हने मेकअप रूमच्या ओबडधोबड दारांची रांग, अडगळ आणि मधोमध उपडं पडलेलं स्टूल सांगितलं आहे. आमच्याकडे ते स्टूल म्हणजे स्मिर्नोवने मोडलेली खुर्ची. ती मधोमध पडून राहते, कुणी उचलत नाही. पोपोवाच्या नवऱ्याचा फोटो फ्लॅटला पालथा टेकवून ठेवतो.

हा बदल पडद्याआड करू नका. दर्शनी पडदा उघडाच ठेवा, प्रेक्षागृहातले दिवे लावा, आणि बॅकस्टेजच्या मुलांना आपल्या रोजच्या कपड्यांत, रोजच्या सवयीने काम करू द्या. गाणं नको, घोषणा नको. काही प्रेक्षक चहाला जातील, काही बसून बघतील. जे बसतील त्यांच्यासाठी दुसरी एकांकिका तिथेच सुरू झालेली असते. काम दहा मिनिटांत व्हायला हवं. चार माणसं, प्रत्येकाला दीड फ्लॅटची जबाबदारी कशी वाटायची हे कागदावर लिहा आणि घड्याळ लावून निदान आठ वेळा तालीम घ्या. पहिल्यांदा आम्हाला बावीस मिनिटं लागली होती. खुणांसाठी जमिनीवर रेडियम टेपचे लहान तुकडे लावा, पण 'हंसगीत'च्या अंधारात ते चमकतात, म्हणून फ्लॅटच्या पायाखाली झाकले जातील असे.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना शाळांच्या सभागृहात ब्रेस ठोकायची परवानगी मिळत नाही. तिथे फ्लॅटच्या मागे वाळूच्या पिशव्या ठेवा, चालतं.

खुर्ची, पिस्तुलं, मेणबत्ती

स्मिर्नोव खुर्चीची पाठ आवळतो आणि ती कडकन मोडते, आणि हे एकदाच होत नाही. तो खुर्ची आपटत नाही, हे लक्षात घ्या. जुन्या लाकडी खुर्चीची पाठीची वरची पट्टी दोन्ही टोकांना कापा, भोकं पाडून आत बांबूच्या कामट्या बसवा आणि पट्टी पुन्हा जोडा. आवळून पिळलं की कामट्या मोडतात आणि आवाज खराखुरा लाकडाचा येतो. दर प्रयोगाला नव्या कामट्या, दर तालमीलाही. अशा दोन खुर्च्या करा आणि पायाला लाल दोरा बांधा, म्हणजे त्यावर कुणी बसणार नाही.

पिस्तुलांबाबत नशीब चांगलं आहे: संपूर्ण एकांकिकेत एकही गोळी सुटत नाही. त्यामुळे आवाज काढणारं, बार भरता येणारं कुठलंही हत्यार आणू नका. लाकडी किंवा प्लास्टिकची, रंगवलेली, न चालणारी जोडी एका पेटीत. पेटीला कुलूप, किल्ली एकाच माणसाकडे. प्रवासात नेताना आणि नाट्यगृहात आणताना व्यवस्थापकांना आधी सांगा. स्मिर्नोव ही पिस्तुलं हातात घेऊन त्यांची तारीफ करतो, तेव्हा ती पाचव्या रांगेतून देखणी दिसली पाहिजेत. मुठीवर शिसवी रंग आणि वर पॉलिश मारा.

मेणबत्ती खरी असावी असं मलाही वाटतं, पण मांजरपाट, लाकूड, पडदे आणि हात थरथरणारा ज्येष्ठ नट यांच्यामध्ये उघडी ज्योत नको. बॅटरीवरची मेणबत्ती जुन्या पितळी दांड्यात बसवा आणि बाकी प्रकाशयोजनेवर सोपवा. रंगमंचाचे तीन भाग करा, प्रत्येकावर एक मंद, पिवळट स्पॉट, वेगळ्या डिमरवर, म्हणजे प्रत्येकाचा उजेड वेगळा कमी-जास्त करता येईल. स्वेतलोविदोव चालेल तसा एक भाग उतरत दुसरा चढला पाहिजे, त्याच्या पावलाच्या अर्धा क्षण मागे. ऑपरेटरला यासाठी नटाइतक्याच तालमी लागतात. यात पांढरा प्रकाश मिसळू नका आणि प्रेक्षागृहावर दिवे टाकू नका. खड्डा काळा राहिला तरच तो खड्डा.

'अस्वल'ला मात्र दुपारचा भरपूर उजेड, खिडकीतून आत येणारा. दोन भागांतला हा फरक डोळ्यांना जाणवलाच पाहिजे.

वेशभूषेबद्दल थोडंच: पोपोवा काळ्या कपड्यांत, कारण तिथे शोकाचा रंग काळा. आपल्याकडच्या पांढऱ्या साडीचा मोह टाळा. स्वेतलोविदोव सन्मानाच्या प्रयोगातल्याच वेशात झोपलेला आहे. मूळ संहितेत तो कल्खास या पुरोहिताचा वेश, ऑफेनबाखच्या संगीतिकेतला. पांढरा अंगरखा आणि कपाळावर घसरलेली पट्टी एवढ्याने भागतं. मेकअप अर्धवट पुसलेला ठेवा.

पार्श्वसंगीत 'अस्वल'च्या आधी दोन मिनिटं. 'हंसगीत'ला काहीही नको. पावलांखाली फळी करकरली तर तेवढंच.

प्रयोगाच्या दिवशी

सेट लागल्यावर पहिलं काम मध्यंतराची एक पूर्ण तालीम, नटांच्या तालमीआधी. मग खुर्च्यांच्या कामट्या, पिस्तुलांची पेटी, मेणबत्तीची बॅटरी आणि एक जादा बॅटरी निकिताच्या झग्याच्या खिशात. तिसऱ्या घंटेआधी स्वेतलोविदोव करणाऱ्या नटाला दहा मिनिटं रिकाम्या रंगमंचावर एकट्याला उभं राहू द्या. त्या वेळी कुणी आत जाऊ नये.

मध्यंतरानंतर पहिली-दुसरी घंटा देऊ नका. दिवे हळूहळू उतरवा, लोक बोलता बोलता गप्प होतील, आणि दाराच्या फटीतून मेणबत्ती दिसू द्या.

शेवटी दोघं म्हातारे रंगमंचावरून निघून जातात आणि पडदा सावकाश पडतो. लगेच दिवे लावून सगळ्या संचाला हसत पुढे आणू नका. पाच मोजा. आधी निकिताला एकट्याला येऊ द्या. मग स्वेतलोविदोव, मग 'अस्वल'ची मंडळी आणि फ्लॅट फिरवणारी चार मुलं. आणि दोन्ही एकांकिका विंगेत पुस्तक धरून बसलेला जो तुमचा खरा प्रॉम्प्टर आहे, त्याला निकिताने हाताला धरून पुढे आणावं.